माळकऱ्याची पोटदुखी

ती घटना आठवली की आजही आधी हसू येतं आणि मग जरा धस्स होतं. लोहारा ठाण्याचा कारभार तेव्हा माझ्याकडं होता. एका सकाळी एक बाई तरातरा आत आल्या. नवरा तापानं फणफणलेला, उजव्या बरगडीखाली हात लावू देत नव्हता.

"दिरानं च्यात कायतरी घातलंय, साहेब. त्याच्याकडनं च्या पिऊन आले अन् आडवेच झाले!"

धाकट्या दिराला चौकशीला बसवला. "च्या दिला, व्हय. इख न्हाय दिलं," म्हणाला. त्याआधीच्या दिवसांत भाऊ कुठं कुठं गेला होता, असं विचारताच गडी छताकडं बघायला लागला. मुरलेला चोर डोळ्यांत बघून खोटं बोलतो. हा दुसऱ्याचंच काहीतरी झाकत होता.

दवाखान्यात विषाचा मागमूस लागला नाही. यकृतात पू झाला होता, पण कशामुळं ते कळेना आणि ताप औषधाला दाद देईना. माणूस हातचा गेला असता तर दिरावर खुनाचा गुन्हा दाखल झाला असता.

खबर दिली त्यांना नेहमी नेणाऱ्या जीपवाल्यानं. "त्ये व्हय? माकणीला उतरत्यात की. धरणाजवळच्या टपरीवर तळलेला मासा लई आवडीनं खात्यात."

मी चाट पडलो. गृहस्थ पक्के माळकरी!

तडक दवाखाना गाठला. बाई नवऱ्याच्या उशाशीच होत्या. बायकोसमोर नवऱ्याचा जबाब घेणं म्हणजे कागद वाया घालवणं. त्यांना हवालदाराबरोबर चहाला पाठवलं आणि नवऱ्याला विचारलं, "मासा कधी खाल्लात?"

त्यांनी आधी दाराकडं पाहिलं, मग गळ्यातली तुळशीची माळ मुठीत झाकली. "धा-बारा दिस झालं. खात हुतो, तेवढ्यात व्याही दिसले. घास तसाच गिळला. हिला सांगू नका, साहेब."

मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी पुन्हा तपासलं. गिळलेला काटा जठर भेदून यकृतात रुतला होता. शस्त्रक्रिया झाली, ताप उतरला. बाईंनी तो काटा बाटलीत मागून घेतला आणि नवऱ्याच्या पाटासमोरच्या फळीवर ठेवून दिला.

दिराला घरी पाठवताना मी चिडूनच विचारलं, "भाऊ माकणीला कशाला जातो, ठाऊक होतं ना? मग तोंड का उघडलं नाहीस?"

"तुमी मला कवातरी सोडलं असतं, साहेब. वैनीनं दादाला सोडलं नसतं."

त्यानंतर नोकरीभर, गप्प बसलेल्या माणसाला मी 'काय केलंस' हे नंतर विचारलं. 'कुणासाठी गप्प आहेस' हे आधी.