एकट्याने धक्क्याला

मच्छीमार सोसायटीच्या माझ्या कचेरीची खिडकी थेट धक्क्यावर उघडते. त्यामुळे मान-सूची मोटरबोट रोज धक्क्याला लागताना मी पाहत आलो आहे. सुकाणू त्याच्याकडे, दोर त्याच्या बायकोकडे, बोक-रेकडे. लग्न झाल्यापासून हे असंच. आमच्या बेटाभोवती पाण्याला ओढ फार, एकट्याने बोट लावणं अवघड. ती आजारी पडली की बोट बांधलेलीच राही.

त्यांच्या थोरल्या मुलीचं मोक्पो शहरात बाळंतपण झालं ते ऐन हंगामात. बोक-रेला जाता आलं नाही. बाळंतिणीला आईने घालायचं शेवाळाचं सूप मुलीच्या सासूने करून घातलं. ही गोष्ट बोक-रेच्या मनातून कधी गेली नाही.

शहरातच राहणाऱ्या धाकटीचे दिवस भरत आले तेव्हा बोक-रेने ठरवलं, या खेपेला जायचंच. बाळंतिणीचं लांबलचक वाळवलेलं शेवाळ तिने आणून ठेवलं. ते मोडू द्यायचं नसतं, अपशकुन होतो, आणि घरात मांजर. म्हणून ती पेंढी माझ्या कचेरीतल्या कपाटावर आली.

मग तिने नवऱ्याला शिकवायला घेतलं. स्वतः धक्क्यावर उभी राहायची आणि तिथून सांगायची. वाऱ्याच्या तोंडावर या. बोटीच्या कडेचे टायर आधी बाहेर सोडा. वेग लांबूनच मोडा. मधला दोर धक्क्यावरच्या मागच्या खुंट्यात अडकवा, सुकाणू बाहेरच्या बाजूला वळवून गिअर हळूच पुढे टाका; बोट धक्क्याला चिकटून राहील, मग बाकीचे दोर निवांत बांधा. उडी मारायची नाही, पायाने धक्का ढकलायचा नाही.

त्याला जमेना. कधी जोरात येऊन आदळायचा, कधी दोर खुंट्यापासून हातभर आधीच पडायचा. एकदा बाजूची फळीच तडकली. मासे निवडत बसलेली ऑक-बुन काकी म्हणाली, "लग्नाआधी याची बोट कोण बांधायचं गं, याची आई?" सगळा धक्का हसला. मान-सूही हसला आणि म्हणाला, आता वय झालं, नाही जमायचं.

बोक-रे रोज थोडी थोडी गप्प होत गेली. मुलीचा फोन आला की कचेरीबाहेर जाऊन बोलायची, परत येऊन कपाटाकडे बघायची.

एका दुपारी वारा उठला होता. मान-सू जवळचंच जाळं बघायला एकटा गेला होता. बोक-रे पेंढीवरची धूळ झटकायला आली होती. खिडकीतून आम्हाला त्याची बोट येताना दिसली. धक्क्यावर कुणी नव्हतं. त्याने वाऱ्याकडे तोंड केलं, लांबूनच गिअर काढला. बोट सरकत आली आणि टायरला अलगद टेकली. आकडी लावलेल्या काठीने त्याने मधला दोर खुंट्यात घातला, जागचा न हलता. मग सिगारेट पेटवली.

मी तिच्याकडे पाहायचं टाळलं. ती कपाटाकडे वळली.

"भाऊजी, ती पेंढी जरा खाली काढून द्या."

पेंढी आडवी दोन्ही हातांवर घेऊन ती धक्क्यावर गेली. मीही मागोमाग गेलो. तिला बघून मान-सूने सिगारेट पाण्यात टाकली.

"आज वाऱ्याने साथ दिली," तो म्हणाला.

"रोजच देत असणार. उद्याच्या फेरीबोटीने जाते मी."

तो दोराची गाठ उगाच सोडून पुन्हा बांधत राहिला. मग खाली बघूनच म्हणाला, "तिकडे लिफ्ट आहे, नळाला गरम पाणी आहे. येशील का परत?"

"तीन आठवडे बाळंतिणीचे. मग बघू."

सकाळी वारा पडला. ती फेरीबोटीत खिडकीजवळ बसली, पेंढी मांडीवर. फेरीबोट सुटली तेव्हा मान-सू समुद्रात होता.

संध्याकाळी तो परतला. सवयीने त्याने दोर धक्क्याकडे फेकला. झेलायला कुणी नव्हतं. दोर पाण्यात पडला. बोटीच्या पंख्यात अडकू नये म्हणून त्याने आधी तो भराभर ओढून घेतला, बोट वळवून पुन्हा वाऱ्यावर घेतली आणि दुसऱ्या खेपेस नीट लावली. पुढचा दोर बांधला, मागचा बांधला, इंजिन बंद केलं.

कचेरीला कुलूप लावून मी निघालो, तरी तो बांधलेल्या बोटीतच बसून होता.