कांताला दोन तोंडं

राजवाड्यामागच्या गल्लीत सूर्यनारायणराव समोरून दिसले की भली भली माणसं वाट बदलत. माणूस तसा गरीब गाय, पण कॉलेजच्या प्रयोगशाळेत हयात गेलेली. त्यातून लोहचुंबकाबद्दल त्यांचा स्वतःचा एक सिद्धांत तयार झाला होता. लोखंडातल्या इलेक्ट्रॉनची भिंगरी वर की खाली, हे कुणी विचारेपर्यंत ठरलेलंच नसतं. चुंबक खिळ्याला ओढत नाही. तो नुसता विचारतो, ‘तुझं काय ठरलं?’ एवढं होईतो ऐकणारा पसार. त्यात गल्लीत केबल आली, मग तर विचारूच नका.

अशात राजवाडा बघायला पुण्याचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक आगाशे आले. रावांनी त्यांना जवळजवळ पळवूनच घरी आणलं. शेवटी एक तरी जाणता माणूस पुरतं ऐकणार, म्हणून त्यांचा जीव हरखला होता. घोटाळा एवढाच, की चुंबकाला तमिळमध्ये ‘कांतम्’ म्हणतात आणि पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या रावांच्या मराठीतही तोच शब्द.

“कॉलेजानें टाकून दिलें, म्हणून कांताला मी घरीं आणलें,” राव सांगू लागले. “निजतांना उशाशीं लागतें.”

आगाशे कॉफी फुंकायचे थांबले. “आणि वहिनी?”

“तिला सगळें ठाऊक. कांताला दोन तोंडें पाहा. एक जवळ घेतें, दुसरें ढकलतें. फार तापवलें कीं ओढच जाते. मी तर कांताचे दोन तुकडे करून पाहणार होतों!”

आगाशे ताडकन उठले आणि चपला शोधू लागले. रावांचा चेहरा पडला. हाही चालला!

तेवढ्यात अंबाबाई बाहेर आल्या. आगाशांनी चाचरत विचारलं, “वहिनी, तुम्हाला हे... चालतं?”

“पहिले सवतच वाटायची हो,” अंबाबाई म्हणाल्या. “आतां सुया सांडल्या कीं तीच वेचते.” आणि त्यांनी पदराआडून नालाच्या आकाराचा चुंबक काढला. त्याला सुया लोंबत होत्या.

आगाशे मटकन खाली बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. “अहो, चुंबक म्हणा की!”

राव कानापर्यंत लाल झाले. “चुंबन? अय्यो! बायकांपुढें असलें बोलतात पुण्यांत?”

मग मात्र आगाशांनी सिद्धांत अथपासून इतिपर्यंत ऐकला. मध्ये दोनदा आडवे प्रश्न घातले, चुंबक हातात घेऊन बघितला. शेवटी म्हणाले, “राव, खिळ्याची कल्पना गोड आहे. पण चूक आहे.”

इतक्या वर्षांत चूक काढण्याइतकं कुणी ऐकलंच नव्हतं. रावांना भरून आलं आणि ते आत तोंड करून ओरडले, “अगे अंबे! चुकलें म्हणतात! अजून कॉफी आण!”