मापात बसलेला तंबू

शिंपीमास्तरांनी शिवलेला कोट अंगावर असा चपखल बसायचा, की गिऱ्हाइकाला जेवल्यावर खाली वाकायची सोय नसायची. कुणी तक्रार केलीच, तर मास्तर चष्म्यावरून बघत म्हणत, "कोट बरोबर आहे. तुम्ही सुटलात." आणि उसवायचं नाव काढलं, तर गळ्यातल्या टेपचा फास बसल्यासारखा चेहरा करत.

अशा माणसाची बायको दर सुट्टीत मुलीला घेऊन भावाकडे जाई आणि मास्तर दुकान धरून बसत. यंदा मात्र त्यांनी आपण होऊन नदीकाठी तंबू ठोकून राहायचा बेत काढला. बायको बघतच राहिली.

"जमलं, तर दर वर्षी तुमच्याबरोबर," ती म्हणाली. "फसलं, तर सुट्टीत आम्ही मायलेकी कायमच्या दादाकडे. मग रुसायचं नाही."

मास्तरांनी ते फारच मनावर घेतलं. मेहुणा म्हणाला, मी भाड्याने तंबू आणतो. झालं! "शिंप्याने भाड्याच्या कापडाखाली झोपायचं?" त्यांनी बायको, मुलगी आणि मेहुणा अशा तिघांना दुकानात ओळीने उभं केलं, हात खाली सोडायला लावले आणि मापं घेतली. मेहुण्याला बरोबर न्यायचं कारण एकच, त्याने तंबू बघून जळावं.

आणि तो जळलाही हो! संथ नदीच्या काठाला, झाडाच्या सावलीत तंबू उभा राहिला, तेव्हा कापडावर एक चुणी नव्हती. दाराला चेनऐवजी बटणं, काजं हातची. पण दुपारी जेवून चौघं आत आडवी झाली आणि घोटाळा उघडा पडला. मास्तरांनी चौघांच्या खांद्यांची बेरीज करून वर दोन बोटं ढिलाई सोडली होती. कोटाला सोडतात तेवढीच.

"अहो, मला कुशीवर वळायचंय."

"मग वळ ना."

"आधी दादाला वळायला सांगा."

"मी कुठे वळू?" मेहुणा कापडात नाक खुपसून बोलला. "पोरीचं कोपर माझ्या बरगडीला शिवलंय."

"मामा, एवढा मोठा श्वास घेऊ नका. बाबा सरकतात!"

"भावोजी, तंबू झकास आहे. फक्त काखेत जरा काचतोय."

मास्तर छताकडे बघत पुटपुटले, "उभ्याने बरोबर बसत होता."

मुलगी खिदळली. बायको हसली नाही. तिने एकेक बटण काढलं, बाहेर जाऊन डोक्यावर टॉवेल घेऊन उन्हात बसली आणि शांतपणे विचारलं, "दादा, गाडी कुठे लावलीस?"

मास्तर ताडकन बाहेर आले. ते खिशातली छोटी कात्री काढून नदीकडच्या शिवणीला भिडले. शिवण दुहेरी होती, सुटता सुटेना. स्वतःच्या हाताचा एवढा राग त्यांना जन्मात आला नव्हता. मेहुण्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तशी भाचीने त्यात बिस्किट कोंबलं. अखेर ती सगळी बाजू मोकळी झाली. मास्तरांनी कापड वर उचलून फांदीला बांधलं.

बायको येऊन सावलीत आडवी झाली. तिने नदीकडे पाय लांबवले, अगदी टाचेपर्यंत.

"चालेल?" मास्तरांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी आजवर एकाही गिऱ्हाइकाला केला नव्हता.

तिने डोळे मिटले. "त्या बाजूचंही उसवा, वारा अडतोय. आणि पुढच्या वर्षी मापं झोपवून घ्या."

मास्तर कात्री घेऊन निमूट पलीकडे गेले.