उंबऱ्यावरची ओलेती

हे मी सहसा कोणाला सांगत नाही. ऐकणारे एकतर लगेच हात जोडतात, नाहीतर उन्हानं डोकं फिरलं असेल म्हणून मोकळे होतात, आणि मला दोन्ही सोसत नाही. तेव्हा काय घडलं ते मलाही अजून नीट उमगलेलं नाही. जे दिसलं तेवढं लिहिते.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. आमच्या पुणतांब्याला गोदावरी असून नसल्यासारखी. पायाला ओल न लागता माणसं पात्रातून पलीकडे जायची. मालक दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेले. घरात मी, सासूबाई आणि आमचा भाऊसाहेब. नाव एवढं भारदस्त, पण पोर अजून शाळेतही न जाणारं. एका सकाळी ते तापानं फणफणलं. ओकाऱ्या सुरू झाल्या, उजेड दिसला की किंचाळायचं, आणि मान अशी ताठली की उशीवरून उचलताना सगळं अंग लाकडासारखं वर यायचं. आगगाडीनं आम्ही त्याला नगरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाठीच्या मणक्यात सुई घालून पाणी काढलं. ते पाणी ताकासारखं गढूळ होतं. मेंदूच्या आवरणात पू झालाय, ते म्हणाले. “या आजारातून काही मुलं ठणठणीत उठतात, काही जातात. आणि काही उठतात, पण आजार त्यांच्याकडून काहीतरी ठेवून घेतो. ताप उतरला तरी सुया पुऱ्या झाल्याशिवाय इथून हलायचं नाही, बाई.”

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. बाई मनानं वाईट नव्हत्या, पण डॉक्टरांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. “नदीत टिपूस न्हाई, अन् ह्ये पोराच्या पाठीतलं पानी काढत्यात! उद्या पांगळं झालं म्हंजी?” त्या वॉर्डभर ऐकू जाईल असं म्हणायच्या. त्या दिवसांत देवाशी माझं बिनसलं होतं. गोदामाई स्वतःच आटली, तर तिला हाक मारून काय उपयोग, असं वाटायचं. तरी खाटेशी बसल्या बसल्या मनात एकच घोकत होते, काय हवं ते घे, पण पोर ठेव. कोणाला सांगत होते, कोण जाणे.

काही दिवसांनी ताप उतरला. भाऊसाहेबानं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, पाणी मागितलं. झालं, आत्याबाईंनी गाठोडं बांधलं. “दुपारच्या गाडीनं जाऊ. बाकीचं आपला देवरशी बगंल.” मी नाही म्हटलं, पण ते नाही माझं मलाच ऐकू आलं नसेल. वॉर्डातल्या त्या वासाला, सुयांना, शेजारच्या खाटांवरच्या रडण्याला मीही विटले होते. डॉक्टर जेवायला गेलेले, सिस्टर व्हरांड्यापलीकडच्या औषधांच्या खोलीत. मी पोराला धोतरात गुंडाळून खांद्यावर घेतलं आणि आत्याबाईंच्या मागून निघाले.

वॉर्डाच्या दारात एक बाई पालथी पडली होती.

उंबऱ्यावर आडवी, दोन्ही हात पुढे जोडून, तोंड फरशीला. केस मोकळे. अंगावरचं लुगडं चिंब ओलं. आमच्याकडे बाई कडक नवस बोलते तेव्हा अंघोळ करून ओल्या लुगड्यानंच दंडवत घालते. अशा ओलेतीला शिवायचं नसतं, आणि ओलांडायचं तर मुळीच नाही. ओलांडलं की तिचा नवस मोडतो आणि आपल्यावर उलटतो. आत्याबाई जागच्या जागी थबकल्या. “कुनाची तरी आई हाय. वलांडू नगं. उठंल तवर थांब.” डॉक्टरांचं न ऐकणारी ही बाई एका ओल्या लुगड्यापुढे निमूट उभी राहिली.

आम्ही थांबलो. बाई उठेना. श्वासानं पाठ हलावी तशी तिची पाठ हलत नव्हती. मग माझ्या लक्षात आलं, वॉर्डात एकही मूल रडत नाहीये. तिच्या लुगड्यातून पाणी निथळून फरशीवरून आमच्याकडे येत होतं. दवाखान्याच्या नळाला तेव्हा तांब्याभर पाणी मिळायची मारामार, आणि इथे ओघळ चाललेला. तो माझ्या पायाशी आला. उन्हाळ्याच्या भर दुपारी ते पाणी बर्फागत गार होतं, आणि त्याला नदीच्या गाळाचा वास होता.

तेवढ्यात खांद्यावरचं पोर ताठ झालं. डोळे पांढरे, तोंडाला फेस, हातापायांना झटके. माझी किंकाळी फुटली. सिस्टर बाहेरच्या व्हरांड्यातून धावत सरळ त्या दारातून आत आली, आणि मी खाली बघितलं तर उंबऱ्यावर कोणी नव्हतं. डॉक्टर आले, सुया झाल्या, नळ्या लागल्या. झटके थांबले तेव्हा डॉक्टर घामानं भिजले होते. “आगगाडीत असतात तर पोर हाती लागलं नसतं,” एवढंच म्हणाले. मी सिस्टरला त्या बाईबद्दल विचारलं. तिनं कोणालाच पाहिलं नव्हतं. फरशी कोरडी होती; उन्हाळ्यात वाळायला कितीसा वेळ लागतो, असंही मन म्हणतं. पण आत्याबाईंच्या लुगड्याचा काठ ओला होता. त्यांनी तो पिळला, डोळ्यांना लावला आणि खाटेशी बसकण मारली. “आता हितनं हलायचं न्हाई,” म्हणाल्या. त्या बाईविषयी मरेपर्यंत त्यांनी चकार शब्द काढला नाही.

पोर वाचलं. पण बरं होत असताना एके दिवशी म्हणालं, “आई, तुमी समदी हळू का बोलता?” मी मोठ्यानं हाक मारली, मग ओरडले. ते नुसतं माझ्या तोंडाकडे बघत राहिलं. दोन्ही कान गेले होते. मी खूप रडले, आणि खूप चिडलेही. दिलंस तर निम्मंच का दिलंस, असं भांडले. काय हवं ते घे, हे मीच म्हटलं होतं, ते आठवलं की अंगावर काटा यायचा.

पुढच्या वर्षी नदीला पाणी आलं. ओटी घेऊन मी त्याला घाटावर नेलं. मनात राग होताच. पायऱ्या उतरताना त्यानं एकाएकी मान वळवली, पाण्याकडे बघितलं आणि स्वच्छ आवाजात म्हणालं, “ओ!” तिकडे कोणी नव्हतं. ते हात सोडवायला लागलं. मी मनगट आवळून धरलं. ज्यानं राखलं तेच आता न्यायला आलंय, असं वाटलं. मग कसं कोण जाणे, माझी बोटं सैल झाली. इतके दिवस मी धरून ठेवलं म्हणून का ते जगलं होतं? मी तर त्याला मरणाच्या गाडीत बसवायला निघाले होते. तुझंच आहे, म्हटलं, आणि हात सोडला.

ते खाली गेलं. घोटाभर पाण्यात उभं राहिलं, मान कलती करून. मग माझ्याकडे परत आलं. त्याला ऐकू येत नाही हे विसरून मी विचारलं, “काय रे?”

“आईकडं जा म्हनली,” ते म्हणालं, आणि माझा हात धरला.

मी ओटी पाण्यात सोडली. मागायचं काहीच आठवलं नाही. नुसते हात जोडले आणि पोराला घेऊन घरी आले.