राखणीची बाटली

खरं सांगा, दारू सोडलेल्या माणसाकडे तुम्ही कधी नीट बघितलंय का? पिणाऱ्याकडे सगळेच बघतात. तो गटारात पडला की अख्खी चाळ गोळा होते, बायका पदर तोंडाला लावतात, शहाणे उपदेश करतात. सोडलेल्याकडे कोण बघतो? तो उठतो, दाढी करतो, कामाला जातो. सुटला बिचारा, म्हणून आपण मोकळे.

मरोळला पाइपलाइनजवळच्या चाळीत राहणारा गुणाजी राऊळ असा मोकळा सोडलेला माणूस होता. शहाऐंशी सालच्या एप्रिलात त्याला सात महिने झाले होते. आधी अठरा वर्षं गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काढलेली. संप झाला, गिरणीचा दरवाजा बंद झाला तो याच्यासाठी पुन्हा उघडला नाही, आणि साच्यावरचा कारागीर आरेच्या बाजूला हातभट्टीवर जाऊन बसायला लागला. तीन वर्षं बसला. मग एक दिवस बायकोने, जानकीने, ट्रंक भरली. पोरीचे कपडे, स्वतःची तीन लुगडी. ट्रंक खाटेखाली सरकवून म्हणाली, "आजपासून एक घोट जरी पोटात गेलो, तर सुनंदाक घेऊन मी गावाक जातंय. मागसून येव नुको." ती ओरडली असती तर गुणाजीला सवय होती. ती ओरडली नाही.

तेव्हापासून तो सहार विमानतळाच्या स्टँडवर दुसऱ्याची टॅक्सी चालवायचा. भाडं नसलं की काच पुसायचा, पुसलेली काच पुन्हा पुसायचा. खिशात बडीशेप, तोंडात बडीशेप. स्टँडवरच्या बाळा नावाच्या ड्रायव्हरने त्याला नावच पाडलं होतं. "गुजरातनंतर कोरडा एकच यार, आमचा गुण्या!"

एका बुधवारी सकाळी दुबईच्या विमानातून उतरलेला चंद्रप्रकाश नावाचा अहमदाबादचा कापडवाला त्याच्या गाडीत बसला. सांताक्रूझच्या विमानतळावर जायचं होतं, तिथून अहमदाबादचं विमान. चकाला मागे पडलं आणि शेठ मागून ओरडला, "अरे बाप रे!"

गुणाजीने करकचून ब्रेक मारला. "काय झालं, शेठ?"

शेठच्या मांडीवर प्लास्टिकची चकचकीत पिशवी, पिशवीत स्कॉचची बाटली. "ये तो भूल ही गया! पार्टनर ने दुबई एअरपोर्ट पे हाथ में दे दी. इधर कस्टमवाला बोला, एक बाटली चलती है, जाव. मगर अमदाबाद में?"

"तिकडं बंदी ना, शेठ."

"बंदी क्या, सीधा अंदर! ससुर साथ में लेने आएगा, वो अलग."

"मग टाका फेकून."

"पागल है क्या? बारा साल पुराना माल है!" शेठने घड्याळ बघितलं. मग पुढे वाकून पिशवी गुणाजीच्या बाजूच्या सीटवर ठेवली. "तू रख ले. सोमवार दोपहर को मैं वापस आता है, घाटकोपर में साडू के पास जाना है. सांताक्रूझ पे मिलना, तब दे देना. नहीं आया तो तेरी. मजा कर!"

"नको, शेठ."

"क्यों?" शेठ हसला. "टॅक्सीवाला, और पीता नहीं?"

आता इथे काय बोलायचं? मी पिऊन पिऊन वाया गेलो होतो, माझ्याजवळ ठेवू नका, असं? अर्ध्या तासाच्या ओळखीच्या माणसाला? गुणाजीने बडीशेप चावली आणि गाडी पुढे काढली. सांताक्रूझ आलं, शेठ उतरून धावत सुटला, आणि बाटली सीटवर राहिली.

सोमवार म्हणजे पाच दिवस. "नहीं आया तो तेरी." हे वाक्य त्याच्या डोक्यात जे शिरलं ते बाहेर निघेना. आला तर परत द्यायची, त्यात काय? पण नाही आला तर? विमान चुकलं, आजारी पडला, विसरला, तर बाटली चोरीची नाही, विकतची नाही, सरळ हक्काची. त्याने ती सीटखाली सरकवली; गाडी खड्ड्यात गेली की ती डुचमळायची, आणि गुणाजीचा पाय ब्रेकवर जायचा. त्याने दोन भाडी नाकारली. एका म्हातारीला कुर्ल्याऐवजी पवईच्या रस्त्याला लावलं आणि तिच्या शिव्या खाल्ल्या.

स्टँडवर बाळाला वास लागलाच. "सीटखाली काय रे? बघू! आयला, स्कॉच! काढ ना, चार जणांत एक-एक घोट, शेठला सांग फुटली."

"दुसऱ्याची आहे ती."

"मग तोंडाला पाणी का सुटलंय तुझ्या?"

गुणाजीने त्याची कॉलर धरली. लोकांनी सोडवलं. बाळा हसतच होता. वाट लागली ती गुणाजीची, कारण बाळा बोलला ते खरं होतं.

शुक्रवारी दुपारी त्याने बाटली घरी आणली. मालकाच्या गाडीत राहिली तर दुसरा ड्रायव्हर ढापेल, असं त्याने स्वतःला समजावलं. आपण स्वतःला समजावतो तेव्हा किती गोड बोलतो! जानकी पाण्याच्या रांगेत होती. त्याने बाटली तांदळाच्या डब्यात खुपसली, वर तांदूळ पसरले. वळला तर दारात जानकी, कमरेवर कळशी.

तिने कळशी ठेवली, डब्यात हात घातला, बाटली बाहेर काढली.

"ही खयसून हाडलात?"

त्याने खरं सांगायला हवं होतं. चार वाक्यांची गोष्ट होती. पण जानकीची नजर खाटेखाली गेली, ट्रंकेवर, आणि गुणाजीच्या तोंडून भलतंच निघालं.

"राखणीची हा ती."

ज्यांना कोकण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. गावाच्या वेशीवर आमचा राखणदार असतो. घरादाराची, वाटसरूंची राखण करतो, आणि वर्षातून एकदा त्याला कोंबडा, विडी आणि दारू द्यावी लागते, तीच राखण. मरोळच्या कोकण्यांनी पाइपलाइनच्या कडेला चिंचेखाली दगड मांडून त्याला इथेही आणून बसवला होता. राखण येता रविवार सोडून त्याच्या पुढच्या रविवारी होती. राखणीची म्हणून एकदा बोललेली वस्तू देवाची. राखण होईपर्यंत ती प्यायची नाही, विकायची नाही, जमिनीवरसुद्धा ठेवायची नाही.

जानकीचा चेहराच बदलला. तिने बाटली स्वच्छ फडक्यात बांधली आणि आढ्याच्या खुंटीला टांगली. हात धुतले. पदर डोक्यावर घेतला आणि उभ्या उभ्या देवाला गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घातलं.

"बा राखणदारा, म्हाराजा! ह्येनी ही बाटली तुझ्या नावान हाडली हा. ती मान्य करून घी, आणि ह्येंका त्या वाटेक परत जावक देव नुको, म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला दुसऱ्याने होकार द्यावा लागतो, नाहीतर ते अर्धं राहतं. जानकी थांबली. त्याच्याकडे बघत राहिली.

"व्हय म्हाराजा," गुणाजी म्हणाला.

म्हणाला आणि अडकला. आता प्यावी तर देवाची. परत द्यावी तरी देवाची. तीन दिवस तो आढ्याकडे बघत झोपला नाही. खोली ती केवढी! कुठल्याही कुशीवर वळलं तरी फडकं दिसायचं.

सोमवारी दुपारी चंद्रप्रकाश सांताक्रूझला आला. नेमका आला, हसत आला. "मेरी अमानत?"

"शेठ, आहे. पण ती देवाला बोलली गेलीय."

"भगवान को स्कॉच?" शेठ एवढ्याने हसला की शेजारचे दोन टॅक्सीवाले वळले. "सीधा बोल ना, पी गया. पी गया तो पी गया, झूठ क्यों बोलता है?"

सात महिने! सात महिन्यांत कुणी त्याला न पिण्याबद्दल शाबासकी दिली नव्हती, आणि न प्यायलेल्या बाटलीबद्दल भर स्टँडवर चोर ठरवलं. गुणाजीने शेठची बॅग डिकीत आपटली. "बसा." घाटकोपरच्या वाटेवर मरोळला त्याने गाडी चाळीत वळवली, शेठला हाताला धरून दारात आणलं आणि वर बोट दाखवलं. "सोडून बघा. सील बघा."

शेठने फडकं सोडलं नाही. बाहेरूनच बोट लावून सील चाचपलं. खाली मान घातली. मग भला माणूस होता म्हणून म्हणाला, "सॉरी, भाई. रहने दो. पूजा के बाद तुम ही पी लेना."

जानकी मोरीवरून उठून आली. "ह्येंका पाजूक इलात? सात म्हयने कोरडे हत ते. तुमका काय ठाव, शेठ, एक दिवस कसो जाता तो?"

शेठला मालवणी कळली नाही. बाईचा आवाज कळला. गुपचूप गाडीत जाऊन बसला.

पुढच्या रविवारी चिंचेखाली राखण झाली. राखण देणाऱ्या म्हाताऱ्या मार्तंड मामांनी सील फोडलं. पहिली धार दगडावर पडली आणि तो वास, विलायती, धुराचा, ओल्या लाकडाचा, गुणाजीच्या नाकातून थेट पोटात उतरला. उरलेली दारू पुरुषांत वाटायची, तो प्रसाद. मामांनी करवंटी भरून गुणाजीपुढे धरली. "घे रे. तुझीच बाटली. पयलो मान तुझो."

"नको, मामा."

"कित्या नको?"

"नको."

"अरे, परसाद तो! देवाक नाय म्हणतंस? कित्या ता सांग!"

पंधरा माणसं त्याच्याकडे बघत होती. पलीकडे बायकांत जानकी उभी होती, सुनंदाचा हात धरून. तिने काही खूण केली नाही. गुणाजीने करवंटी घेतली. ती काठोकाठ भरलेली होती, थोडी मनगटावर सांडली. करवंटी ओठांच्या पातळीवर आली. तिथे थांबली. मग तो वाकला आणि सगळी दगडावर ओतली.

"माझो वाटो पन तुझोच, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" बायकांतून एकटीचाच आवाज आला.

पुरुषांपैकी दोघे नाराज झाले, चांगला माल मातीत गेला म्हणून. गुणाजी नळावर गेला, साबण मागितला, मनगट धुतलं. हुंगलं. पुन्हा धुतलं. तिसऱ्यांदा धुवायला लागला तेव्हा नळाचं पाणी गेलं. सोमवारी पहाटे त्याला गाडी घ्यायची होती, आणि तो सोमवारही आधीच्या सात महिन्यांतल्या प्रत्येक दिवसासारखा कोरडाच काढायचा होता.

तेव्हा ऐका. तुम्ही दुबईची आणा, मस्कतची आणा, तीन विमानं बदलून आणा, तुमची खुशाल प्या. पण बाटली पुढे केल्यावर समोरचा माणूस "नको" म्हणाला, तर त्याला कारण विचारू नका. बाटली मुकाट्याने पिशवीत परत घाला आणि दुसरं काहीतरी बोला.