सखूची बोटं आणि तपासनीस साहेब

मैत्रिणींनो, आपल्या मंडळाची फिरती वही आज माझ्याकडे आहे, म्हणून दुपारी शाळेत घडलेलं लगेच लिहिते. मन अजून विटलेलं आहे.

तपासनीस साहेबांनी चौथीतल्या सखूला प्रांतातल्या नद्या विचारल्या. सखू कोष्ट्याची मुलगी, घरी माग. मीच तिला युक्ती शिकवली होती. लुगड्याच्या काठावरच्या एकेका नक्षीला एकेक नदी जोडायची आणि मनातल्या मनात काठावरून पुढे जायचं. तिने डोळे मिटले, परकरावर बोटं सरकवत नेली आणि सगळ्या नद्या बिनचूक सांगितल्या.

"हातावर काय लिहिलंय?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही जी. मी मनात काठ पाहून राहिली होती."

त्यांनी तिचे तळवे रुमालाने घासून पाहिले. काही निघालं नाही. मग तोंड वाकडं करून स्वतःचीच बोटं पुसली. "कोष्ट्याच्या पोरीला एवढं पाठ होत नसतं," म्हणाले आणि शेऱ्यात 'नक्कल' असं लिहिलं.

मी शेजारीच उभी होते. नोकरीच्या भीतीने गप्प राहिले.

शाळा सुटल्यावर सखूने विचारलं, "बाई, तुमी त्याइले काहून नाही सांगितलं?"

साहेबांची किळस येते, पण त्याहून जास्त माझी येते. उद्या मोठ्या बाईंना सगळं लेखी देणार आहे. पण सखूला काय उत्तर देऊ? तुमच्यापैकी कुणाला ते देता आलं असतं का?