बायकोच्या फायलींना मी दिलेले नंबर

मी बायकोच्या पीएच.डी.च्या सगळ्या फायलींची नावं पुसून त्यांना नंबर दिले. तिला न विचारता. तोंडी परीक्षा आठवड्यावर आलेली असताना.

माझी हयात सरकारी कचेरीत गेली. आमच्याकडे नाव नसलेली फाइल चालायची, नंबर नसलेली नाही. रिटायर झाल्यावर घरात नंबर द्यावा असं काही उरलं नव्हतं. तेवढ्यात बायकोचा कम्प्युटर नजरेस पडला. उमरेडच्या विणकर बायकांच्या मुलाखती तिनं वर्षानुवर्षं जमवलेल्या, आणि त्या फायलींची नावं काय, तर ‘चहा न देणारी’, ‘निळं लुगडं’, ‘पायरीवरची मावशी’! मला ते बघवेना. ती कॉलेजात शिकवायला गेली असताना मी सगळ्यांना आकारमानाप्रमाणे, लहानीपासून मोठीपर्यंत, आवक क्रमांक देऊन टाकले. कोणती फाइल कोणत्या नंबरवर गेली, याची नोंद ठेवली नाही. कशाला ठेवायची? कचेरीतला एक जुना दोस्त म्हणाला होता, “आता नावाची गरजच नाही गा. कम्प्युटर फायलीच्या पोटातलं वाचते.”

आठवडाभर ती छापलेला प्रबंधच वाचत होती, त्या फायलींकडे गेली नव्हती. परीक्षेच्या दिवशी सकाळीच तिच्या गाइडबाईंचा फोन आला. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांना चौथ्या प्रकरणातल्या एका गाण्याची शंका होती. हे गाणं खरंच मागावरच्या बाईनं सांगितलं, की संशोधकानं पदरचं घातलं? मूळ मुलाखत दाखवा, नाहीतर प्रकरण काढा आणि प्रबंध पुन्हा सादर करा. गाणारी आजी आता हयात नव्हती. ज्यात ते ध्वनिमुद्रण होतं ते मेमरी कार्ड कधीच बाद झालं होतं. उरली होती ती टाइप करून घेतलेली मुलाखत. बारा वाजता परीक्षा.

बायकोनं कम्प्युटर लावला आणि नुसती पाहत राहिली.

“अहो, हे काय आहे? माझ्या फायली कुठं गेल्या?”

“तिथंच आहेत. मी जरा शिस्त लावली.”

“काहून?”

का ते सांगत बसायला वेळ नव्हता. मग मी उत्साहानं खुर्ची ओढली. “तू फक्त शब्द सांग. आत्ता काढून देतो.”

गाण्याची पहिली ओळ शोधाच्या चौकटीत टाकली. हिरवी पट्टी रांगत रांगत टोकाला गेली. काही सापडलं नाही. ‘माग’ टाकलं. नाही. ‘विणकर’ टाकलं. विणकर बायकांच्या एवढ्या मुलाखतींत एकही विणकर नाही! कूलर समोर घरघरत होता, तरी माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता.

“मशीन बिघडलं वाटते,” मी म्हणालो.

“मशीन?” ती म्हणाली.

तिनं मला उठवलं आणि एकेक फाइल उघडून पाहू लागली. प्रत्येक उघडायला वेळ, वाचायला वेळ, बंद करायला वेळ. पण एका फायलीत मला पहिल्याच ओळीत ढळढळीत ‘विणकर’ दिसला. हे काय चाललंय? मी तिच्या खांद्यावरून हात घालून तो शब्द उचलला आणि शोधाच्या चौकटीत चिकटवला. तिथं तो इंग्रजी होऊन पडला: एफ, ओ, टिंब, के, डी, जे.

तेव्हा कुठे उजेड पडला. या मुलाखती बर्डीच्या बाजारातल्या टायपिंगच्या दुकानात जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेल्या. डोळ्यांना मराठी, पोटात सगळी इंग्रजी अक्षरं. मी मराठीत हाका मारत होतो आणि आत मराठी कळणारं कोणी नव्हतंच.

चिकटवलेला शब्द शोधला, तर जवळपास सगळ्याच फायली हजर. गाण्याची ओळ त्याच लिपीत जुळवावी, तर जोडाक्षरं आडवी येत होती आणि एक कळ चुकली की पदरात शून्य.

“त्या मुलाखतीत असं काय आहे, जे दुसऱ्या कोणत्याच नाही? छोटा शब्द सांग.”

“मले काही सुचून नाही राहिलं. तुम्ही कानाशी बोलू नका.” तिनं डोळे मिटले. बाहेर तिला न्यायला आलेला ऑटोवाला भोंगा वाजवू लागला. मग ती एकदम म्हणाली, “कुत्रा! आजी गात होती आणि दारातला कुत्रा थांबेचना. मी कंसात लिहिलं होतं, कुत्रा भुंकतो.”

मी कोऱ्या पानावर जुना फॉन्ट लावला आणि एकेक कळ दाबून पाहू लागलो. ‘क’ डीखाली निघाला, उकार क्यूखाली. ‘त्र’ मात्र काही केल्या मिळेना. ऑटोवाला पुन्हा वाजवू लागला. ती साडीचा पदर पिनेनं टाचत होती आणि पिन बोटात गेली तरी डोळे कम्प्युटरवरच. शेवटी तो ‘त्र’ बरोबरच्या चिन्हाखाली दडून बसलेला सापडला.

पट्टी सरकली. एकच फाइल आली.

तिनं उभ्यानंच उघडली. वर आजीचं बोलणं होतं, “लिहून घे वं पोरी, मंग मी नसन त कोन सांगन तुले?” खाली कंसात कुत्रा. त्याखाली गाणं, पुरं.

पानं छापून निघाली तशी ती गेली. माझ्याकडे पाहिलंही नाही. मी दिवसभर फोन समोर ठेवून बसलो. तो वाजला नाही. फायलीतली एखादी ओळ प्रबंधापेक्षा वेगळी निघाली असेल तर? पानं ऑटोत राहिली असतील तर? जेवण तसंच झाकून राहिलं.

ऊन कलल्यावर ती आली, चपला काढल्या, पाणी प्यायली.

“झालं?” मी विचारलं.

“झालं. प्रकरण शाबूत राहिलं. परीक्षकांनी ती मुलाखत दोनदा वाचली.” तिनं पेला खाली ठेवला. “म्हणाले, बाई, हे फार मोलाचं आहे, याची एक प्रत सुरक्षित जागी ठेवा.”

“मग तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, उद्याच माहेरी नेऊन ठेवते. घरी नवरा रिकामा बसला आहे.”